पदव्युत्तर संशोधन आणि गावा-वस्तीतल्या संघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजशास्त्र, समाजकार्य, ग्रामविकास, पर्यावरण विज्ञान अशा विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प स्थानिक संघटनांशी जुळवून देण्याचे काम मी करते. दरवर्षी जुलैत नवी तुकडी येते आणि त्याच शंका पुन्हा येतात. म्हणून ही उत्तरे एकदा लिहून ठेवली. संघटनांतल्या ताई-दादांनी मसुदा वाचून बऱ्याच ठिकाणी खाडाखोड केली. त्यांचे म्हणणे आणि माझे म्हणणे जिथे जुळले नाही, तिथे बहुतेक वेळा त्यांचे ठेवले आहे.

संघटनेसोबत संशोधन म्हणजे नेमके काय? क्षेत्रभेटीला तर आम्ही जातोच.

क्षेत्रभेटीत तुम्ही पाहायला जाता. नेहमीच्या लघुप्रबंधासाठी विचारायला जाता: प्रश्नावली विभागात तयार होते, गावात भरून घेतली जाते आणि गाव त्या कागदाचे तोंड पुन्हा पाहत नाही. संघटनेसोबतच्या संशोधनात काय शोधायचे, कोणाला विचारायचे, मिळालेल्या माहितीचा अर्थ कसा लावायचा आणि तिचे पुढे काय करायचे, या चारही टप्प्यांवर संघटनेची माणसे तुमच्या शेजारी बसलेली असतात. प्रत्येक टप्प्यावर सारखाच वेळ देतील असे नाही. एखाद्या बचत गटाला प्रश्न ठरवण्यात रस असतो, कोष्टके करण्यात नसतो. एखाद्या युनियनला आकडेच हवे असतात, बाकीचे त्यांना आधीच ठाऊक असते. पण कुठे बसायचे आणि कुठून उठायचे, हे त्यांनी ठरवलेले हवे.

ही पद्धत परदेशातून आलेली आहे ना?

पुस्तकात वाचायला मिळणारे ‘सहभागी कृतिसंशोधन’ हे नाव बाहेरून आले. 1970 च्या दशकात कोलंबियातले समाजशास्त्रज्ञ ओरलांडो फाल्स बोर्दा यांनी ते जगभर पोहोचवले. पण त्याच दशकात पालघरच्या जंगलपट्टीत आदिवासींची भूमिसेना गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी आणि वेठबिगारीविरुद्ध लढत होती. काळूराम दोधडे हे तिचे नेते. त्या लढ्याचा अभ्यास संशोधकांच्या एका गटाने संघटनेतल्या लोकांशी चर्चा करत केला, तो 1979 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जगातल्या सहभागी संशोधनाच्या साहित्यात आजही त्याचे उल्लेख येतात. मुंबई-ठाण्याचे विद्यार्थी ही पद्धत लॅटिन अमेरिकेच्या उदाहरणांवरून शिकतात, आणि लोकलने जाता येईल इतक्या जवळचे पालघर त्यांच्या वर्गात येत नाही, याचे मला वाईट वाटते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे दुसरे उदाहरण. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा बहुतेकांना माहीत असते. तिच्यामागचा अभ्यासगट मात्र फार थोड्यांना माहीत असतो. मोहन हिराबाई हिरालाल अभ्यासक म्हणून तिथे गेले आणि गावासोबत अभ्यास करत राहिले. अभ्यासगटात नुसती चर्चा करायची, जंगलाचे कायदे समजून घ्यायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलावून प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र ग्रामसभेत आणि सर्वसहमतीने घ्यायचा. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी ही शिस्त वर्षानुवर्षे पाळली. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अभ्यास आणि निर्णय यांच्या जागा वेगळ्या ठेवण्याची ही रीत आपल्या विद्यापीठांनी उचलण्यासारखी आहे.

शहरातले उदाहरण हवे असेल तर पुणे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली. तिची सुरुवात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून झाली. म्हणजे विद्यापीठाचाच एक विभाग कचरावेचकांबरोबर कचरापेटीपर्यंत गेला होता. पुढे या बायका शहराचा किती कचरा वेगळा करतात आणि त्यामुळे महापालिकेचे किती पैसे वाचतात, याचा अभ्यास 2001 मध्ये संघटनेच्याच कार्यकर्त्यांनी केला. ‘आमच्यावर दया करा’ असे म्हणण्याची गरज त्यानंतर उरली नाही. मोजून दाखवलेले काम महापालिकेपुढे ठेवता आले. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिच्याकडे आले.

हे सगळे अभ्यासक्रमात बसते का?

बसते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात 4 श्रेयांकांचे कार्य-प्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आहे. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. बहुतेक विद्यार्थी पहिल्या वर्षी एका संस्थेत प्रशिक्षण घेतात आणि दुसऱ्या वर्षी भलत्याच विषयावर प्रकल्प करतात. तसे करू नका. क्षेत्रप्रकल्पाचे 120 तास ज्या संघटनेत घालवलेत, तिथेच पुढचा संशोधन प्रकल्प करा. पहिले 120 तास ओळख होण्यात, चहा पिण्यात, बैठकीत मागे बसून ऐकण्यात जातात आणि ते तसेच जायला हवेत. अनोळखी माणूस चौथ्या सत्रात अचानक उगवला, तर त्याला वरवरचीच उत्तरे मिळतात.

आपले महाविद्यालय उन्नत भारत अभियानात (महाविद्यालयांना गावांशी जोडणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम) असेल तर पाच दत्तक गावांची यादी विभागात असते. ती जरूर पाहा. मात्र ‘दत्तक’ हा शब्द गावात उच्चारू नका. एका सरपंचबाईंनी मला थेट विचारले होते, ‘आमचे आईबाप मेलेत का?’

संघटना कशी निवडावी? मोठी नावाजलेली संस्था बरी की छोटा गट?

नावाजलेल्या संस्थेत व्यवस्था असते, राहायची सोय असते, विद्यार्थ्यांशी कसे वागायचे हे ठाऊक असते. पण तिथे आधीच चार जण प्रबंधासाठी येऊन बसलेले असतात आणि त्याच दहा कुटुंबांची अकराव्यांदा मुलाखत होते. छोट्या गटाकडे तुमच्यासाठी वेळ कमी असतो, पण तुमचे काम खरेच लागते.

त्याहून मोठा फरक आणखी एक आहे. स्वयंसेवी संस्था आणि लोकांची संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामसभा, मच्छीमार सहकारी सोसायटी, घरकामगारांची युनियन, बचत गटांचा ग्रामसंघ, पाणीवापर संस्था यांचे सभासद स्थानिकच असतात. स्वयंसेवी संस्थेचे कार्यालय जिल्ह्याच्या गावी असते, प्रकल्पाला निधी देणारा बाहेरचा असतो आणि पगारी कार्यकर्ते असतात. दोन्हींसोबत उत्तम काम होते. फक्त संस्थेने हो म्हटले म्हणजे गावाने हो म्हटले असे धरून चालू नका.

विषय कोणी ठरवायचा?

दोघांनी. पण पहिले वाक्य संघटनेचे असावे.

एक विद्यार्थिनी ‘महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका’ हा विषय घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीत गेली होती. बायकांनी ऐकून घेतले, मानही डोलावली. चहा झाल्यावर कोषाध्यक्षा म्हणाल्या, ‘ते सक्षमीकरण राहू दे गं. गावात दर आठवड्याला कोण कोण कंपनीवाले हप्ता न्यायला येतात ते मोजून देशील का? आम्ही गटाचे कर्ज फेडून घेतो, आणि बाई तेच पैसे दुसरीकडून उचलून आणते. कोणी सांगत नाही.’ विषय तिथेच मिळाला. पुढच्या पाच महिन्यांत त्या मुलीने आणि गटाच्या सहा बायकांनी मिळून किती घरांत किती ठिकाणचे कर्ज आहे, हप्त्याचा वार कोणता, हप्ता भरायला कुठून उसने घेतले, याची नोंद केली. लघुप्रबंधाच्या शीर्षकात सूक्ष्म वित्त आणि ऋणग्रस्तता असे भारदस्त शब्द आले, ते यायला हरकत नाही. पण ग्रामसंघाच्या भिंतीवर लागला तो हप्त्यांच्या वारांचा एक साधा तक्ता. मंगळवार सगळ्यात जड होता.

पहिल्या बैठकीत विषय सांगू नका. विचारा: गेल्या वर्षभरात बैठकीत कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा निघाली आणि माहिती नाही म्हणून तशीच राहिली? उत्तर लगेच येत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत येते. म्हणून विभागाकडे विषयाची नोंदणी करण्याच्या तारखेआधी किमान दोन महिने हाताशी ठेवा.

मार्गदर्शक म्हणतात, संघटनेने विषय ठरवला तर संशोधन वस्तुनिष्ठ राहत नाही.

शंका प्रामाणिक आहे, तिला उत्तर द्या, वाद घालू नका. विषय कोणी सुचवला आणि निष्कर्ष कसा काढला, या निराळ्या गोष्टी आहेत. नमुना कसा निवडला, काय विचारले, कोणती माहिती वगळली आणि का, हे सगळे प्रबंधात उघड लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला तपासता येईल. आणि गडचिरोलीतल्या ‘सर्च’चे उदाहरण द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेने 39 गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. नवजात बाळांचे वजन, श्वास, ताप यांची घरी जाऊन नोंद त्याच करत आणि उपचारही करत. नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे त्या अभ्यासातून दिसले आणि 1999 मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. माहिती गोळा करणाऱ्या बाया गावातल्याच होत्या म्हणून तो कच्चा ठरला नाही. आई आणि बाळ जिथे होते त्या खोलीत त्यांना शिरता येत होते, म्हणून तो शक्य झाला.

परवानगी कोणाची घ्यायची?

तीन जागी. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची, संघटनेची, आणि ज्याला विचारणार त्या प्रत्येक माणसाची. एकीने दुसरीची गरज संपत नाही.

गावात काम असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. सरपंचाची सही आणि ग्रामसभेचा होकार यांत फरक आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात आणि त्याआधी महिलांची सभा असते. बायकांशी निगडित काम असेल तर आधी महिला सभेत बोला. राज्यातल्या 13 जिल्ह्यांच्या अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात, तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे पाड्याची, वाडीची स्वतःची ग्रामसभा असू शकते. तिथे ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून कागद आणून काम उरकू नका.

संमतीपत्रावर सही मागितली की माणसे बिचकतात. काय करावे?

बिचकणारच. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी गेल्याच्या आठवणी घराघरांत आहेत. चार पानी छापील संमतीपत्र पुढे करणे म्हणजे त्या आठवणीला हात घालणे आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना लिहिता-वाचता येणारा तटस्थ साक्षीदार हजर हवा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. हा दुसरा भाग हमखास विसरला जातो. आईने हो म्हटले आणि पोरगी मान खाली घालून बसली असेल, तर ती मुलाखत घेऊ नका.

कागद एका पानाचा करा, मोठ्या अक्षरात, बोलीभाषेच्या जवळ. आधी वाचून दाखवा, मग विचारा, ‘मी काय सांगितले ते तुमच्या शब्दांत सांगाल?’ त्यात ‘योजना मिळणार’ असे आले, तर समजा की तुम्ही नीट सांगितलेले नाही. पुन्हा सांगा. बाहेरून कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे घरकुल, रेशन किंवा अनुदान देणारा, हा समज फार पक्का असतो, आणि तो तसाच राहू देऊन मिळवलेली मुलाखत ही फसवणूक आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

विद्यापीठाचे वेळापत्रक आणि शेताचे वेळापत्रक यांचे जमत नाही, आणि तडजोड आपणच करायची आहे.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांवर काम करायचे असेल आणि तुम्ही जानेवारीत बीडला गेलात, तर गावात म्हातारीकोतारी आणि लहान पोरेच भेटतील. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेव्हा एकतर उसाच्या फडावर जा, नाहीतर मे-जूनमध्ये गावी. मे महिन्यात गेलात तर मुकादमाच्या उचलीची (आगाऊ रकमेची) बोलणी पुढच्या हंगामासाठी कशी सुरू होतात, हेही कानावर पडते. गडचिरोली-गोंदियाकडे मार्च-एप्रिल मोहफुलांचा आणि मे तेंदूपत्त्याचा. माणसे पहाटे जंगलात गेलेली असतात. कोकणात, पूर्व विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणी चालू असताना कोणाला प्रश्न विचारायचे? चिखलात उतरून रोप लावायला घेतलेत, तर दुपारी बांधावर बसून कोणी बोलेलही. मच्छीमार वस्तीत मात्र उलटे आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, जाळी विणायला माणसे घरी बसलेली असतात, आणि वर्षातला बोलायचा वेळ तोच.

शहरात घरकामगार बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात. तोच त्यांचा जेवायचा आणि पाठ टेकायचा वेळही असतो, हे लक्षात ठेवा.

भाषेचे काय? मला गोंडी, कोरकू, पावरी येत नाही.

दुभाषा लागेल, आणि तो निम्मा संशोधक असतो. त्याला मानधन द्या, प्रबंधात त्याच्या कामाचा उल्लेख करा, प्रश्न त्याच्याबरोबर बसून आधी बोलीत घोळवा. दुभाषा म्हणून शाळेचे गुरुजी किंवा ग्रामसेवक असतील, तर लोक त्यांच्यापुढे काय बोलणार नाहीत याचाही विचार करा.

मराठी येणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. प्रश्नावलीत ‘कीटकनाशकांचा वापर’ असतो. शेतकरी म्हणतो, ‘औषध मारलं.’ पुढचा प्रश्न ‘औषधांवर किती खर्च?’ असा असेल, तर उत्तर दवाखान्याचे की फवारणीचे, हे कोणालाच कळत नाही. ‘काम करता का?’ या प्रश्नाला दिवसभर खुरपून आलेली बाई ‘नाही, घरीच असते’ असे सांगते आणि तुमच्या कोष्टकात ती गृहिणी होते. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ असे विचारा. संघटनेच्या दोन जणींसोबत प्रश्नावली मोठ्याने वाचून काढली, तर अशा निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मुलाखतीसाठी पैसे द्यावेत का?

यावर संघटनांमध्येही एकमत नाही. पैसे दिले की लोक हवे ते बोलतात, असे काहींचे म्हणणे. माझे मत वेगळे आहे. ज्याचा रोज बुडतो त्याला तो भरून द्यावा. शक्य नसेल तर रोज बुडणार नाही अशा वेळी जावे. किती आणि कसे द्यायचे, हे संघटनेशी बोलून सर्वांना सारखेच ठरवा. एका गावात तुम्ही दोनशे दिलेत आणि पुढच्या वर्षी दुसरी विद्यार्थिनी रिकाम्या हाताने आली, तर त्रास संघटनेला होतो. ज्या स्थानिक तरुणांनी तुमच्याबरोबर घरोघर फिरून नोंदी घेतल्या, त्यांचे मानधन मात्र ठरलेलेच हवे. त्याला ‘प्रमाणपत्र देऊ’ हा पर्याय होऊ शकत नाही.

प्रवास, झेरॉक्स, चहा यांचा खर्च बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. म्हणून एसटीने दीड तासात जाता येईल अशी संघटना निवडणे यात काही कमीपणा नाही. आपल्याच तालुक्यात, आपल्याच बोलीत केलेले काम पुष्कळदा जास्त खोल जाते.

गोळा झालेली माहिती कोणाची?

पहिल्याच महिन्यात एका पानावर लिहून दोघांच्या सह्या करा. मुलाखतींची ध्वनिमुद्रणे कोणाकडे राहणार, किती दिवसांनी पुसणार, नावे काढलेली कोष्टके संघटनेला कधी देणार, संघटना ती कुठे वापरणार, तुम्ही लेख लिहिलात तर आधी कोणाला दाखवणार, फोटो कोणाचे आणि कुठे. वकील लागत नाही. मराठीत, समजेल असे लिहा.

नावे बदलली म्हणजे ओळख लपली असे नाही. ‘तालुक्यातली एकमेव महिला ट्रॅक्टरचालक’ असे लिहिले की नाव लिहायची गरजच राहत नाही.

झाडपाला, वैदूंचे ज्ञान, बियाणे, मधाच्या जागा यांबद्दल काम असेल तर जास्त जपा. वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक हक्क मान्य केला आहे, आणि जैवविविधता कायदा 2002 नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती व तिची लोकनोंदवही (स्थानिक जैवविविधता आणि तिच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद) असते. कोणती वनस्पती कुठल्या डोंगरावर आहे, हे नकाशासह प्रबंधात छापायच्या आधी ग्रामसभेला विचारा. त्यांनी नको म्हटले तर ते पान रिकामे जाऊ द्या.

निष्कर्ष संघटनेच्या विरोधात गेले तर?

असे होते, आणि इथेच सगळ्यांची परीक्षा असते. पाणलोटाचे काम केलेल्या एका संस्थेसोबत आमचे दोन विद्यार्थी होते. शिवारफेरी केली, विहिरींची पाणीपातळी सहा महिने मोजली. ओढ्याकाठच्या विहिरींना पाणी खरेच वाढले होते. वरच्या अंगाला असलेल्या वस्तीला, जिथे बहुतेक भूमिहीन कुटुंबे होती, एप्रिलपासून टँकरच येत होता. संस्थेच्या अहवालात ‘गाव टँकरमुक्त’ असे होते.

विद्यार्थी घाबरले. कार्यकर्ते आधी रागावले, आणि त्यांचा राग मला समजत होता. दहा वर्षे दगड रचले, आणि कालची पोरे येऊन चुका दाखवतात. पण सुरुवातीच्या करारात एक कलम होते: संघटना तथ्यांतली चूक दुरुस्त करू शकेल, स्वतःचे म्हणणे प्रबंधात जोडू शकेल, निष्कर्ष काढून टाकायला सांगणार नाही. त्यामुळे बोलणे तुटले नाही. संस्थेने चार पानांचे म्हणणे लिहून दिले, त्यात वरच्या वस्तीला जलवाहिनीचा प्रस्ताव दोनदा का अडला, हे सविस्तर होते. ती चार पाने प्रबंधातला सर्वांत उपयोगी भाग ठरली.

अशी गोष्ट दिसली की शेवटच्या सादरीकरणापर्यंत थांबू नका. दिसल्याच्या आठवड्यात सांगा, आधी खासगीत. एकच अपवाद: छापल्याने एखाद्या माणसाला मार बसेल, काम जाईल किंवा वाळीत टाकले जाईल, अशी माहिती खरी असली तरी बाहेर ठेवा.

मुलींनी एकटीने जावे का?

पहिल्या भेटी जोडीने करा. राहायची सोय संघटनेतल्या ताईच्या घरी असेल तर उत्तम. विभागाने रोज संध्याकाळी एका ठरलेल्या व्यक्तीला फोन करण्याची पद्धत ठेवावी. काही वाईट अनुभव आला तर ‘संघटनेचे नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसू नका. महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती क्षेत्रकार्यातल्या तक्रारीही ऐकते, आणि ज्या संस्थेत अशी समिती नाही तिथल्यासाठी जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती असते. प्रकल्प अर्धवट सोडावा लागला तर दुसरा विषय देणे ही विभागाची जबाबदारी आहे. गुण जातील या भीतीने कोणी तिथे थांबू नये.

श्रेय कसे द्यायचे?

लघुप्रबंधावर नियमाने एकच नाव येते. पण त्यातून लेख झाला, तर ज्यांनी प्रश्न घडवले आणि अर्थ लावला त्यांना सहलेखक करा. संघटनेच्या नावाने सहलेखन करता येते. ऋणनिर्देशात ‘सर्व ग्रामस्थांचे आभार’ एवढेच लिहून सुटू नका. आणि आधी विचारा, कारण काहींना नाव नकोही असते.

प्रबंध संपल्यावर गावाला काय द्यायचे?

माझ्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी एका तालुक्यातल्या चाळीस शेतमजूर बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. गुण चांगले मिळाले. प्रत ग्रंथालयात गेली. अकरा वर्षांनी त्याच तालुक्यात एका बैठकीला गेले, तेव्हा एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, ते आमचं पुस्तक झालं का? त्या दिवशी मी अर्धी रोजी पाडली होती.’ मी काही बोलू शकले नाही. त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या एकाही प्रकल्पाला मी परतभेटीची तारीख लिहिल्याशिवाय सही केलेली नाही.

आपल्याकडे सातबारा गावात मोठ्याने वाचून चुका दुरुस्त करायची जुनी रीत आहे, चावडीवाचन. संशोधनाचेही तसेच करा, आणि तेही प्रबंध छापायच्या आधी. मसुद्यातले निष्कर्ष वाचून दाखवा. लोक लगेच बोलतात: ‘आमच्या वाडीत विहिरी दोन आहेत, तुम्ही एकच लिहिली.’ ‘दारूचं कारण लिहिलंय, पण आधी हप्ता थकला, मग तो प्यायला लागला.’ असा क्रम उलटा लागलेला मार्गदर्शकाला कळला नसता. जमिनीवर रांगोळीने गावनकाशा काढून त्यावर आकडे मांडले, तर कागदापुढे गप्प बसणारी माणसेही पुढे सरकतात.

शेवटी संघटनेच्या कपाटात राहील असे तीन प्रकारचे सामान द्या: सोळा पानांची मराठी पुस्तिका, नावे काढलेली कोष्टके, आणि तहसीलदार किंवा पंचायत समितीपुढे ठेवता येईल असे दोन पानी निवेदन. पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून गावाच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलेत, तर पुस्तिका न वाचणारेही ऐकतात. प्रबंधाची बांधीव प्रतही द्या, पण ती कोणी वाचणार नाही हे धरून.

आमची संघटना आहे. विद्यार्थी हवा असेल तर काय करावे? आणि नाही कधी म्हणावे?

विद्यार्थी पंधरा दिवसांत शंभर फॉर्म भरून मागत असेल, तुमच्या सभासदांची यादी आणि फोन क्रमांक आधीच मागत असेल, किंवा परत केव्हा येणार ते सांगता येत नसेल, तर खुशाल नाही म्हणा. तुमच्यावर कोणतेही बंधन नाही, आणि नकार दिला म्हणून पुढच्या वर्षी विद्यार्थी मिळणार नाही असेही होत नाही.

हवा असेल तर मे महिन्यात कळवा, म्हणजे जुलैत विद्यार्थी येतात तेव्हा तुमचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवता येतो. छापील अर्ज नाही. कोणती माहिती हवी, ती कशासाठी हवी, विद्यार्थ्याबरोबर आठवड्यातून दोन तास कोण बसेल आणि तुमच्या भागात कामाचा मोकळा महिना कोणता, एवढे पुरते. लिहायला वेळ नसेल तर फोनवर सांगा, विभागात आम्ही लिहून घेतो आणि तुम्हाला परत वाचून दाखवतो.